पदवीचं नाव आणि दुसरं वर्ष: संगणक शाखांच्या माहितीपत्रकांचं परीक्षण



बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘संगणकाची पदवी निवडताना’ असा लिहिला आहे. तो वाचून काही पालक वही-पेन घेऊन आलेत, हे मला इथून दिसतंय. त्यांना आधीच सांगून ठेवतो. कुठल्या कॉलेजचा कटऑफ किती, हे मी सांगणार नाही. ते यादीत असतं, आणि ती यादी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी काही वर्षं कॉम्प्युटर शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहिली. आज दुसरं काम करणार आहे, म्हणजे परीक्षण. फक्त पुस्तक जरा वेगळं आहे.

जून ते ऑगस्ट या काळात नायगावपासून विरारपर्यंतच्या हजारो घरांत एकाच प्रकारचं वाङ्मय वाचलं जातं. ते म्हणजे कॉलेजचं माहितीपत्रक. कादंबरीला समीक्षक असतो, नाटकाला असतो. ज्या मजकुरावर विसंबून एखादं कुटुंब चार वर्षं आणि काही लाख रुपये लावतं, त्याला मात्र समीक्षक नाही. तो कुणी तरी वाचायला हवा, बारीक, शिक्षकाच्या लाल पेनाने.

माहितीपत्रकाची भाषा पाहा. ‘उद्योगसज्ज अभियंते घडवणे’, ‘अत्याधुनिक प्रयोगशाळा’, ‘सर्वांगीण विकास’. या वाक्यांना कर्ता नाही. कोण घडवणार, आठवड्यातून किती तास, कुठल्या खोलीत? शेवटी एक फोटो असतो. त्यात सगळ्या खुर्च्यांवर मुलं बसलेली आणि सगळे मॉनिटर चालू. मी या प्रकारचे पुष्कळ फोटो पाहिले आहेत. त्यांत गोंधळलेला मुलगा कधी दिसला नाही. प्रोग्रॅमिंग शिकण्याची खोली म्हणजे गोंधळलेल्या मुलांची खोली, हे ज्याने शिकवलंय त्याला ठाऊक आहे.

त्याच कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दुसरा एक मजकूर असतो. तो कुणी वाचत नाही. शे-दीडशे पानांची फाईल, रूक्ष तक्ते, विषयांचे कोड, तासांचे आकडे. अभ्यासक्रम. भाषा म्हणाल तर अगदी सुमार. पण खोटं बोलायला तिथे फारशी जागा नाही, कारण त्यावर परीक्षा बेतलेली असते. या दोन मजकुरांत फार मोठी तफावत आहे, आणि मला आज त्या तफावतीबद्दलच बोलायचंय.

आधी नावं. इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी. पदवी कॉलेजांत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी आयटी, बीएस्सी डेटा सायन्स, बीसीए. दरवर्षी यादी लांबते. पालक विचारतात, ‘सर, एआय घेऊ की डेटा सायन्स?’ आवाजात अशी काळजी, जणू एक विज्ञान आहे आणि दुसरं ज्योतिष.

नावं का वाढतात? विद्या वाढली हे एक उत्तर, आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं जागांच्या हिशेबात आहे. एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावर एआयसीटीईची मर्यादा होती. चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी ती २०२४-२५ पासून उठवली गेली. जुनी शाखा भरली की नव्या नावाची शाखा काढणं हा तोपर्यंत जागा वाढवण्याचा सोपा मार्ग होता. नाव किती हलकं असतं याचा पुरावा हवा असेल तर २०२४ सालचंच दुसरं उदाहरण घ्या. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. तेव्हा अनेक कॉलेजांनी बीएमएसचं नावच बदलून टाकलं. वर्ग तोच, शिक्षक तेच, बाकं तीच. पाटी बदलली आणि सीईटी टळली. ज्यांना हे जमलं त्यांना मी दोष देत नाही. मात्र जी पाटी एका उन्हाळ्यात बदलता येते, तिच्यावर मुलाचं आयुष्य टांगू नये, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

आता अभ्यासक्रमाकडे. मुंबई विद्यापीठाची २०१९ची जी रचना ‘सी स्कीम’ म्हणून ओळखली जाते, ती मी समोर ठेवली आहे. गेली काही वर्षं हजारो मुलं तिच्यावर शिकली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता नवी रचना येते आहे. त्यात विषय मागेपुढे सरकतील, नावं बदलतील. वाचायची रीत बदलणार नाही, आणि मला ती रीतच दाखवायची आहे.

पहिलं वर्ष सोडून द्या. ते बहुतेक सगळ्या शाखांना सारखंच असतं. शेवटचं वर्षही बाजूला ठेवा. त्यात ऐच्छिक विषय असतात, आणि माहितीपत्रकातली चमकदार नावं सगळी तिथूनच उचललेली असतात. दुसरं वर्ष उघडा. पदवीचा कणा तिथे आहे.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, तिसरं सेमिस्टर: गणित तीन, डिस्क्रीट स्ट्रक्चर्स अँड ग्राफ थिअरी, डेटा स्ट्रक्चर, डिजिटल लॉजिक अँड कॉम्प्युटर आर्किटेक्चर, कॉम्प्युटर ग्राफिक्स. चौथं: गणित चार, अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, मायक्रोप्रोसेसर.

आता त्याच स्कीममधली आयटी. तिसऱ्या सेमिस्टरला गणित तीन, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, प्रिन्सिपल ऑफ कम्युनिकेशन्स आणि प्रोग्रॅमिंगच्या वेगवेगळ्या रीतींवरचा एक पेपर. चौथ्याला गणित चार, कॉम्प्युटर नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, ऑटोमॅटा थिअरी, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन.

‘कॉम्प्युटर म्हणजे कठीण, आयटी म्हणजे त्याची सोपी आवृत्ती’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तक्ता काय सांगतो? ऑटोमॅटा थिअरी, म्हणजे यंत्राला काय मोजता येतं आणि काय कधीच येणार नाही याचं गणित, आयटीच्या मुलाला चौथ्या सेमिस्टरला भेटतं. कॉम्प्युटरच्या मुलाला तेच पाचव्यात. नेटवर्कचंही तसंच. आयटीच्या तिसऱ्या सेमिस्टरमध्ये प्रोग्रॅमिंगच्या रीतींवरचा जो पेपर आहे, त्यात हॅस्केल आणि प्रोलॉग या भाषा येतात. मुलं त्याला शिव्या घालतात. ‘नोकरीत हे कुणी विचारत नाही,’ म्हणतात. मला मात्र अख्ख्या स्कीममधला हा सगळ्यात धाडसी पेपर वाटतो. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला एकामागून एक दिलेले हुकूम, ही समजूत जिथे मोडते तो पेपर हा. बदल्यात कॉम्प्युटरच्या मुलाला अल्गोरिदमचा स्वतंत्र, सबंध पेपर मिळतो, आणि तो फायदा मोठा आहे. आयटीच्या याद्यांत मला ती उणीव खटकते. शाखांमध्ये फरक आहेच. पण तो या जातीचा आहे, वरच्या-खालच्या वर्गाचा नाही.

आणि एआय अँड डेटा सायन्स? त्याच स्कीममध्ये या शाखेचं तिसरं सेमिस्टर उघडलं तर गणित तीन, डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, डेटा स्ट्रक्चर, डिजिटल लॉजिक, ग्राफिक्स. ओळखीचं वाटतंय ना? कॉम्प्युटरचंच दुसरं वर्ष. यात फसवणूक नाही. उलट ज्याने कुणी हा अभ्यासक्रम बसवला त्याला पाया माहीत होता. फसवणूक होते ती माहितीपत्रकात, कारण पहिल्या दिवसापासून तुमचा मुलगा रोबोशी बोलणार आहे असं वातावरण तिथे उभं केलेलं असतं. तो खरं तर त्या दिवसांत एम-थ्रीची केटी टाळायच्या खटपटीत असतो. (हशा)

हसू नका. निम्मी घरं या एम-थ्रीने रडवली आहेत. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांची तर विशेष परीक्षा. आपल्या भागात हा रस्ता घेणारी मुलं बरीच आहेत, आणि रस्ता चांगला आहे. हातात कसब असतं, एक पाऊल पुढे असतात. पण ती मुलं एम-वन, एम-टू न करता सरळ एम-थ्रीसमोर येऊन उभी राहतात. दुसऱ्या वर्षाआधीचे दोन महिने त्यांनी गणितावर घालवायला हवेत, हे त्यांना वेळेवर सांगणारं माणूस भेटत नाही. माहितीपत्रक तर नाहीच सांगत.

देशपातळीवर या शाखांकडे कसं पाहतात? ‘गेट’ परीक्षेत कॉम्प्युटर आणि आयटीला वेगळे पेपर नाहीत. पेपर एकच आहे, आणि त्याच्या नावातच दोन्ही आहेत: कॉम्प्युटर सायन्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर सुरू झाला. तो कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येतो. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलालाही देता येतो, हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

नव्या नावांबद्दल आणखी एक व्यावहारिक गोष्ट. नॅक संस्थेला श्रेणी देतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देतं. एनबीएसाठी त्या अभ्यासक्रमाच्या निदान दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडाव्या लागतात. चार वर्षांचा कोर्स, म्हणजे कालपरवा उघडलेल्या शाखेला पाच वर्षं तरी ही मान्यता मिळूच शकत नाही. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर संस्थेचा मोठा ‘ए’ छापलेला असतो. वाचणाऱ्याला वाटतं, तो नव्या शाखेलाही मिळालाय. तेव्हा ऑफिसात जाऊन नाव घेऊन विचारा, या शाखेला एनबीए आहे का? कॉलेजला आहे का, असं विचारू नका.

आता ज्या विषयांबद्दल एवढं बोलतोय ते आहेत तरी काय, ते सांगायला हवं. नाही तर माझंही माहितीपत्रकच होईल. डेटा स्ट्रक्चर म्हणजे माहिती कशी रचून ठेवायची याचा विचार. तिकीटखिडकीपुढची रांग: जो आधी आला तो आधी सुटला. हा क्यू. विरार लोकलच्या दारातली गर्दी: जो शेवटी चढला तो आधी उतरतो, आणि जो आत गेला त्याचं बोरिवली हुकतं. हा स्टॅक. ग्राफ थिअरी म्हणजे स्टेशनं आणि त्यांना जोडणारे रूळ. वसई रोडला एक फाटा दिवा-पनवेलकडे जातो, म्हणून नकाशात वसई रोड या बिंदूला जे महत्त्व आहे ते नालासोपाऱ्याला नाही. का नाही, ते गणिताने सांगायचं. एवढंच. वाडवळी किंवा कादोडी बोलणाऱ्या घरातल्या मुलालाही हे पाच मिनिटांत कळतं, जर कुणी त्याला त्याच्या भाषेत आधी सांगितलं तर. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ साली कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू केलं, तेव्हा पुष्कळ लोकांनी नाकं मुरडली. ‘स्टॅकला मराठीत काय म्हणणार?’ अहो, स्टॅकच म्हणणार. शब्द इंग्रजी राहू दे, समजावणं मराठीत असू दे. मुलाचं अडतं ते समजावण्यापाशी.

पदवी कॉलेजांकडे येऊ. वसईत गोन्साल्वो गार्सिया, वर्तक, विरारला विवा अशी कॉलेजं आपल्या दाराशी आहेत, आणि बीएस्सीकडे ‘इंजिनिअरिंग मिळालं नाही म्हणून’ अशा नजरेने पाहायची आपल्याला खोड आहे. अभ्यासक्रम वाचल्यावर ती नजर टिकत नाही. विद्यापीठाच्या २०१६च्या रचनेत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्याच सेमिस्टरला पायथन, डेटाबेस, डिस्क्रीट गणित, संख्याशास्त्र आणि मुक्त सॉफ्टवेअरवर एक पेपर होता. इंजिनिअरिंगचा मुलगा त्या वेळी मेकॅनिक्समधल्या कप्प्या सोडवत असतो. बीएस्सी आयटीतही पहिल्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क्रीट गणित होतं. त्याच आयटीत दुसऱ्या सेमिस्टरला ‘ग्रीन कॉम्प्युटिंग’ हा सबंध पेपर होता. पर्यावरणाबद्दल मला आदर आहे, पण तो विषय चार तासांत सांगून होतो. तिथे अल्गोरिदमचा पेपर असता तर किती मुलं तरली असती.

थोडक्यात, अभ्यासक्रम पाहिला तर बीएस्सी हलकी नाही. फरक आहे तो बाजारात आणि कायद्यात, आणि तिथे मी गोड बोलणार नाही. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या बीएस्सी-बीसीएची मुलं घेतात. टीसीएसची इग्नाइट, विप्रोची काम करता करता एमटेक करवून घेणारी योजना ही त्याची दारं. पण ही दारं वेगळी आहेत आणि पगाराची सुरुवातही खालून होते. बीएस्सीनंतर एमसीए केलं तर दोन वर्षं, म्हणजे एकूण पाच. इंजिनिअरिंग चारात होतं. ज्या घराला तिसऱ्या वर्षाअखेर पगार हवाच आहे त्या घरासाठी बीएस्सी योग्य. ज्याला पुढे एमसीए करायचंच आहे त्याने आजच पाच वर्षांचा खर्च मांडून बघावा.

खर्चाचा विषय निघाला म्हणून, ज्याच्यासाठी मी मुद्दाम इथवर आलो तो मुद्दा सांगतो. आपल्याकडे अजूनही असं म्हणतात, ‘मुलगी आहे, जवळच बीएस्सी करू दे, इंजिनिअरिंगची फी कशाला?’ मोठ्या भावाला इंजिनिअरिंग, धाकट्या बहिणीला आयटी. हा हिशोब आता पैशाच्या पातळीवरही चुकीचा आहे. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. बीएस्सी आयटी बहुतेक कॉलेजांत विनाअनुदानित आहे, त्याचा प्रवेश कॅपमधून होत नाही, म्हणून तो या माफीत येत नाही. म्हणजे कित्येक घरांत मुलीचं इंजिनिअरिंग तिच्या बीएस्सी आयटीपेक्षा स्वस्त पडू शकतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे कागद वेळेवर नसल्यामुळे ही संधी जाते. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात कधी जायचं? निकालानंतर नाही. बारावीच्या दिवाळीत.

आता प्रयोगशाळेबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तक्त्यातला खरा मजकूर आणि वर्गातलं वास्तव इथे एकमेकांपासून तुटतं. अभ्यासक्रमात प्रत्येक मुख्य विषयामागे आठवड्याला दोन तास प्रॅक्टिकल लिहिलेलं असतं. त्या दोन तासांत काय होतं? पुष्कळ ठिकाणी मुलं मागच्या वर्षाच्या जर्नलमधून प्रोग्रॅम उतरवून काढतात. हाताने, वहीत, निळ्या पेनाने. आउटपुटची प्रिंट चिकटवतात. सबमिशनच्या आठवड्यात सह्या गोळा करत फिरतात. वायवाला ‘डेफिनेशन सांग’ एवढंच विचारलं जातं. मुलगा चार वर्षांत पन्नास-साठ प्रोग्रॅम ‘लिहितो’ आणि त्यातला एकही त्याच्या हातून मोडलेला नसतो. जो प्रोग्रॅम मोडला नाही, तो का मोडला हे शोधत रात्र गेली नाही, तो प्रोग्रॅम त्याला आलाच नाही. या जर्नल-संस्कृतीवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. इथे दोष मुलांचा कमी आणि मोजणाऱ्यांचा जास्त आहे. जर्नल तपासणं सोपं, विचार तपासणं कठीण.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. मंगळवारी दुपारी तीनला प्रयोगशाळेच्या दारावरचं वेळापत्रक वाचा आणि आत डोकवा. वेळापत्रकात बॅच आहे आणि खोलीला कुलूप आहे, असं तर नाही ना? सुट्टीनंतर मुलांना बसू देतात का? कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा गाठा आणि ‘मागच्या प्रॅक्टिकलला काय लिहिलंस?’ एवढंच विचारा. तो जर्नल काढून दाखवतो की बोलायला लागतो, त्यावरून तुम्हाला अख्खं माहितीपत्रक कळेल.

आता आपला जिव्हाळ्याचा प्रश्न, लोकल. विरारहून माटुंग्याला व्हीजेटीआय, अंधेरीला सरदार पटेल, पार्ल्याला संघवी. किंवा इथेच, वसईत विद्यावर्धिनी, विरारला शिरगावचं विवा इन्स्टिट्यूट. घरांत यावरून भांडणं होतात. माझा साधा हिशोब ऐका. येण्याजाण्यात रोज तीन तास, वर्षाला दोनशे दिवस, चार वर्षं: दोन हजार चारशे तास. आता प्रॅक्टिकलचे तास धरा. आठवड्याला आठ, सेमिस्टरचे पंधरा आठवडे, वर्षाला दोन सेमिस्टर, तीन वर्षं: सातशे वीस. म्हणजे मुलगा प्रयोगशाळेपेक्षा तिप्पट वेळ लोकलमध्ये काढणार, आणि तोही उभा. सीट मिळवायला नालासोपाऱ्याहून उलटं विरारला जाणारे वेगळेच.

मग जाऊ नये का? व्हीजेटीआय मिळत असेल तर जावं, बिनदिक्कत. १८८७ साली सुरू झालेली ती संस्था स्वायत्त आहे, अभ्यासक्रम स्वतःचा आहे, सोबतची मुलं राज्यातून निवडून आलेली आहेत. तिथे चोवीसशे तासांची किंमत वसूल होते. पण मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेलं एखादं मध्यम कॉलेज कांदिवलीत आहे आणि तसंच एक वसईत आहे, तर दोन्हीकडे अभ्यासक्रम तोच आणि विद्यापीठाच्या परीक्षेला प्रश्नपत्रिकाही तीच. निव्वळ ‘मुंबईचं कॉलेज’ या सात अक्षरी समाधानासाठी मुलाची झोप विकू नये. त्या वाचलेल्या तासांत तो काय काय करू शकतो! आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता परीक्षा असते, आणि मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. घरी झोप पूर्ण झालेला मुलगा असं काही जोडीला झेपवू शकतो. विरार फास्टमधून उतरलेला नाही.

इथे कुणी तरी हमखास म्हणतो, ‘मोठ्या लोकांकडे कुठे कॉम्प्युटरची पदवी होती?’ खरं आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली रीतसर चालू झाला. तो उभा करणाऱ्या चमूचे प्रमुख आर. नरसिंहन यांचं शिक्षण दूरसंचार अभियांत्रिकीचं आणि डॉक्टरेट गणितातली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यामागचे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरांब्याचे, शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं. कॉम्प्युटरची पदवी दोघांकडेही नव्हती. भाषणं इथे टाळ्या घेऊन थांबतात आणि मुलगा घरी जाऊन आईला सांगतो, पदवीला काही अर्थ नाही. पण या माणसांकडे काय होतं तेही सांगा ना. पक्कं गणित होतं, आणि रात्री उशिरापर्यंत हात घालायला यंत्र होतं. शाखेचं नाव नव्हतं, बाकी सगळं होतं. आपण नेमकं उलटं विकत घेतोय.

एआय प्रोग्रॅम लिहितंय, मग ही पदवी घ्यायचीच कशाला, असा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे सांगणारा माणूस लागतो, आणि त्याला दुसऱ्या वर्षाचे विषय पक्के यावे लागतात. जो फक्त जर्नल उतरवायला शिकला त्याचं काम यंत्राने आधीच घेतलंय. यावर एक वेगळं व्याख्यान होईल, आज एवढंच.

शेवटी पर्याय अर्ज. २०२५ पासून कॅपचा नियम बदललाय. पहिल्या फेरीत तुमचा पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून ‘आधी टाकून ठेवू, मग बघू’ हे आता चालत नाही. पहिल्या सहा ओळी घरात सगळ्यांनी बसून लिहा. एकेका ओळीपुढे तीन गोष्टी पेन्सिलीने मांडा: त्या शाखेचं दुसरं वर्ष, घरापासून लागणारा वेळ आणि माफी वजा जाता फी. शाखेचं नाव दिसू नये म्हणून त्यावर बोट ठेवा आणि मग क्रम लावा. सायबर कॅफेवाल्या दादाला क्रम लावायला सांगू नका. तो भला माणूस असतो, पण त्याच्याकडे रांग असते.

बरं, घड्याळ पुढे गेलंय. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या त्या ताईंचा हात मघापासून वर आहे. बोला ताई, डिप्लोमाबद्दल विचारताय ना?